राजाचे मेज आणि सुताराची सही

व्हर्साय येथील राजवाड्याच्या संग्रहात १७८६ सालचे एक व्यक्तिचित्र आहे. आंत्वान व्हेस्तिए या चित्रकाराने ते रंगविले. चित्रातील गृहस्थाच्या अंगात उंची कोट आहे, मनगटांशी लेस आहे आणि सोनेरी ब्राँझकामाने सजविलेल्या एका मेजाला टेकून तो बसला आहे. हाती पेन्सिल आहे व जवळ आराखड्याचे कागद. ओळख नसलेल्या माणसाला तो एखादा सरदार किंवा निदान दरबारचा वकील वाटावा. वस्तुतः तो सुतार होता. रंधा, पटाशी, सरसाचे भांडे यांपैकी काहीही चित्रात नाही. मात्र ज्या मेजावर त्याचा हात विसावला आहे, ते त्याच्याच कारखान्यातील आहे. आपली ओळख त्याने आपल्या कामावर सोपविली होती.

त्याचे नाव जाँ-आंरी रीझनेर. हे त्याचे फ्रेंच झालेले नाव. मूळचे योहान हाइन्रिख. १७३४ साली जर्मनीतील वेस्टफालिया प्रांतात ग्लाडबेक या गावी त्याचा जन्म झाला. तो मुलूख त्या काळी कोलोनच्या आर्चबिशपांच्या राजसत्तेखाली होता आणि रीझनेरचे वडील त्यांच्याच न्यायकचेरीत पट्टेवाल्याची चाकरी करीत. अठराव्या शतकाच्या मध्याला जर्मनीतील सुतारांची कितीतरी मुले पोटापाण्यासाठी पॅरिसची वाट धरीत. तेथे आपल्या भाषेचे, आपल्या चालीरीतीचे लोक भेटत आणि हातात कसब असले की काम मिळे. रीझनेरही असाच तेथे पोहोचला आणि जाँ-फ्रान्स्वा ओबेन या नामवंत कारागिराच्या कारखान्यात रुजू झाला. ओबेन हाही जन्माने जर्मनच. त्याचा कारखाना पॅरिसच्या शस्त्रागाराच्या आवारात, राजाच्या आश्रयाखाली होता.

येथे पॅरिसमधील कामाची वाटणी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढची हकीकत नीट उमगणार नाही. आपल्याकडे एकच सुतार खुर्चीही करतो, कपाटही करतो आणि प्रसंगी चर्चचा बाकही दुरुस्त करून देतो. पॅरिसमध्ये तसे नव्हते. भरीव लाकडाच्या खुर्च्या व पलंग करणारे वेगळे, आणि ओकच्या सांगाड्यावर मौल्यवान लाकडांचे पातळ पापुद्रे बसवून कपाटे, मेजे व खणांच्या पेट्या सजविणारे वेगळे. ब्राँझ ओतणारा तिसरा, त्यावर कोरणी चालविणारा चौथा, सोन्याचा मुलामा देणारा पाचवा. प्रत्येक धंद्याचा आपापला संघ असे आणि दुसऱ्याच्या कामात हात घातल्यास दंड होई. १७४३ पासून तर सुतारांच्या संघाने असा नियम केला, की उस्तादाने आपल्या नावाचा लोखंडी शिक्का करून तो प्रत्येक वस्तूवर उमटवावा. म्हणून जुन्या फ्रेंच मेजाखाली वाकून पाहिले, की बरेचदा कर्त्याचे नाव सापडते. ते दर्शनी बाजूस कधीच नसते. राजाचे चिन्ह समोर, सुताराचे नाव खाली.

१७६० साली पंधराव्या लुईने ओबेनकडे एका लेखनमेजाची मागणी केली. राजाच्या खाजगी दालनात ते ठेवावयाचे होते. राजाचा पत्रव्यवहार गुप्त असे, दालनात चाकरांचा राबता असे आणि चाकरांना डोळे असतात. म्हणून असे मेज हवे होते, की लिहिता लिहिता कोणी आले तर कागद होते तेथेच ठेवून वरचे अर्धगोल झाकण ओढून घ्यावे आणि एकाच किल्लीने सारे खण बंद व्हावेत. कल्पना सांगायला सोपी. करायला नऊ वर्षे लागली. त्यावरील ब्राँझकामाचे नमुने द्युप्लेसी याने केले, दोन्ही बाजूंनी वेळ दाखविणारे घड्याळ लेपीन याने बसविले आणि पृष्ठभागावरची फुले, वाद्ये व पुस्तके रंगीत लाकडांच्या तुकड्यांनी जडविली गेली. खर्च बासष्ट हजार लिव्रच्या वर गेला. लिव्र हे तेव्हाचे फ्रान्समधील हिशेबाचे चलन. साध्या मजुराला दिवसाकाठी एक लिव्र मिळणेही कठीण असे.

परंतु मेज पुरे होण्यापूर्वी, १७६३ च्या जानेवारीत ओबेन वारला. संघाच्या नियमाप्रमाणे उस्तादाच्या विधवेला कारखाना चालविता येई आणि तिच्या पदरी राहिलेला कसबी कारागीर पुढे उस्ताद होण्याची वाट मोकळी होई. ओबेनच्या कारखान्यात असे दोन जण होते, रीझनेर आणि लेल्यू. विधवेने रीझनेरच्या हाती कारभार दिला. लेल्यूला ते सोसले नाही. दोघांची हातघाई झाली. १७६७ साली रीझनेरने त्या विधवेशी विवाह केला, पुढच्या वर्षी तो उस्ताद झाला आणि १७६९ साली मेज व्हर्सायला पोहोचले. त्यावर लाकडाच्याच जडावाने लिहिले आहे : रीझनेरने केले, १७६९, पॅरिसच्या शस्त्रागारात. ओबेनचे नाव त्यात नाही. कल्पना ज्याची, सांगाडा ज्याचा, तो मातीआड गेला होता. या गोष्टीत पुढे रीझनेरविषयी आपल्याला सहानुभूती वाटणार आहे, म्हणून त्याच्या हातून घडलेली ही चूक आधीच नोंदलेली बरी. ओबेनच्या मुलीला मात्र काळाने वेगळा न्याय दिला. तिच्या पोटी एझेन दलाक्र्वा हा थोर चित्रकार जन्मास आला. पॅरिसच्या सें-स्युल्पीस चर्चमध्ये देवदूतांची भव्य भित्तिचित्रे ज्याने रंगविली, तो हाच.

मेजाच्या दोन्ही टोकांना अपोलो व कॅलिओपी यांच्या ब्राँझच्या मूर्ती असून त्या मेणबत्त्यांच्या शाखा पेलून उभ्या आहेत. दिवा हा या सामानाचा अलंकार नव्हता, ते त्याचे अर्धे आयुष्य होते. ज्या वस्तू आज आपण विजेच्या झगझगाटात पाहतो त्या कारागिराने मेणबत्तीच्या हलत्या ज्योतीसाठी घडविल्या होत्या. म्हणूनच सोनेरी भाग कोठे चकचकीत घासलेला, कोठे मुद्दाम मंद ठेवलेला असे. ज्योत हलली की चकचकीत कडा चमके, मंद भाग सावलीत राही आणि ब्राँझचे पान जणू वाऱ्यावर डोलू लागे. भिंतीवरच्या दिव्यांमागे आरसे लावीत, छताला स्फटिकांची झुंबरे टांगीत, ते एका ज्योतीच्या दहा ज्योती करण्यासाठी. एरवी सोनेरी फर्निचर आपल्या डोळ्यांना भडक वाटते याचे एक कारण हेच, की आपण ते चुकीच्या उजेडात पाहतो.

आणि मेणबत्तीही कोणती? गरिबाघरी जनावराच्या चरबीची; ती धूर सोडी, वास सोडी आणि तिची वात सारखी कातरावी लागे. राजवाड्यात मात्र मधमाश्यांच्या शुभ्र मेणाची. म्हणजे जी मेणबत्ती ख्रिस्तसभेने वेदीसाठी राखली होती तीच. पुनरुत्थानाच्या जागरविधीत पास्खाच्या मेणबत्तीपुढे जे गौरवगीत गायिले जाते त्यात मधमाश्यांच्या श्रमाचा उल्लेख येतो, हे आपल्याला ठाऊक आहे. वेदीवर ते मेण प्रभूसाठी जळे. व्हर्सायमध्ये ते नाचाच्या एका रात्रीत शेकड्यांनी जळे. अर्धवट जळालेल्या मेणबत्त्यांवर तेथील सेवकवर्गाचा हक्क असे. ती त्यांची वरकमाई, आणि चांगली भरघोस कमाई. हा हक्क ते सहजासहजी सोडीत नसत.

सोन्याच्या मुलाम्याची किंमत वेगळ्याच माणसांनी मोजली. सोने पाऱ्यात कालवून तो लगदा ब्राँझवर चोपडीत आणि मग वस्तू निखाऱ्यांवर धरीत. पारा वाफ होऊन उडून जाई, सोने चिकटून राही. ती वाफ मुलामा देणाऱ्याच्या छातीत जाई. हातापायांना कंप सुटणे, दात पडणे, बुद्धी भ्रमणे हे या धंद्याचे नित्याचे भोग होते आणि थोडेच कारागीर म्हातारे होत. ज्या दीपशाखांखाली सरदारांच्या स्त्रिया हसतखेळत पत्ते खेळत, त्यांच्यामागे ही माणसे होती.

या कामातील सर्वश्रेष्ठ म्हणून प्येर गूत्येर याचे नाव घेतात. मंद सोनेरी मुलाम्याची रीत त्यानेच आणली असे मानले जाते. राजाची प्रेयसी मादाम द्यु बारी हिच्या महालासाठी त्याने ब्राँझकाम केले, पण पैसे थकले. १७८० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे दिवाळे निघाले. पुढे द्यु बारी गिलोटिनखाली गेली आणि तिच्याकडील मोठी बाकी वसूल करण्यासाठी हा म्हातारा कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत राहिला. १८१३ साली तो दारिद्र्यात वारला. दिव्यांच्याच इतिहासात याला जोड म्हणून आणखी एक नाव आहे. जिनिव्हाच्या एमे आर्गां याने १७८० च्या सुमारास पोकळ वातीचा आणि काचेच्या नळीचा तेलाचा दिवा शोधला. अनेक मेणबत्त्यांचा उजेड तो एकटा देई. फ्रान्समध्ये तो दिवा रूढ झाला, पण कँके या दुसऱ्याच माणसाच्या नावाने! आर्गां १८०३ साली वारला, तोही विपन्नावस्थेत. असो.

ज्या शैलीला आज नव-अभिजात म्हणतात ती या काळात कोठून आली, हा प्रश्न आपल्या वाचकांना रोचक वाटेल. कारण तिचा एक उगम पोपांच्या रोममध्ये आहे. १७३८ साली हर्क्युलेनियम आणि १७४८ साली पाँपेई येथे उत्खनन सुरू झाले. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली सतराशे वर्षे गाडलेली घरे, तिवया, दिवे आणि भिंतीवरची चित्रे वर येऊ लागली. याच सुमारास योहान विंकेलमान नावाचा एका जर्मन चांभाराचा विद्वान मुलगा कॅथलिक होऊन रोमला आला. त्याच्या धर्मांतरात श्रद्धा किती आणि रोमच्या ग्रंथालयांची ओढ किती, याबद्दल तेव्हाही लोक कुजबुजत. कार्डिनल अल्बानी यांनी त्याला आपल्या पदरी ठेवले आणि १७६३ साली तो पोपांच्या राज्यातील पुरातन वस्तूंचा अधीक्षक झाला. प्राचीन ग्रीक कलेतील साधेपणाची त्याने जी थोरवी गायिली ती युरोपभर पसरली. म्हणजे मूर्तिपूजक ग्रीक-रोमन देवतांच्या सौंदर्याचा हा नवा पुरस्कार कार्डिनलच्या घराच्या छायेत वाढला.

पॅरिसच्या सुतारांनी विंकेलमान वाचला नव्हता. त्यांच्यापर्यंत पोहोचले ते आकार. शंखशिंपल्यांसारखी वळणे गेली. सरळ रेषा आली. मेजांचे वाकडे पाय जाऊन देवळाच्या खांबांसारखे पन्हळी पाडलेले, खाली निमुळते होत जाणारे पाय आले. कडांना लॉरेलच्या पानांच्या माळा, मध्यभागी कलश, कोपऱ्यांत मेंढ्यांची शिरे. राजाच्या मेजात जुने व नवे एकमेकांत मिसळलेले दिसते : अंग अजून गोलाईचे, सजावट नव्या वळणाची. पुढील पंधरा वर्षांत रीझनेरच्या हातून हे वळण पूर्णत्वास गेले, आणि फुलांच्या परड्यांचे जडावकाम ही तर जणू त्याची खूणच बनली.

१७७४ साली सोळावा लुई गादीवर आला आणि रीझनेर राजाचा अधिकृत सुतार झाला. दहा वर्षांत त्याने राजवाड्यांना नऊ लाख अडतीस हजार लिव्रचे सामान पुरविले. राणी मारी आंत्वानेत त्याच्या कामावर विशेष लुब्ध होती. १७७८ च्या १९ डिसेंबरला तिला पहिली कन्या झाली आणि दोनच दिवसांनी रीझनेरचे एक मेज तिच्या दालनात आले. किल्ली फिरविली की ते वरखाली होई, त्याचे झाकण उघडून आरसा निघे आणि बाळंतिणीला त्यावर जेवता येई, लिहिता येई, साजशृंगारही करता येई. विवाहानंतर आठ वर्षांनी झालेले हे मूल. साऱ्या दरबाराचे डोळे तिकडे लागले होते. अशा वेळी कोणा सुताराने त्या थकलेल्या तरुण आईच्या सोयीचा विचार करून ठेवला होता.

१७८४ साली राजवाड्याच्या सामानखात्यावर तिएरी द व्हील-दाव्रे हा नवा अधिकारी आला. तिजोरी रिकामी होत चालली होती. त्याने रीझनेरच्या दरांना कात्री लावली आणि पुढे बरेचसे काम बेनमान या स्वस्तात करणाऱ्याकडे वळविले. राणीने मात्र रीझनेरला सोडले नाही. प्रारंभी सांगितलेले व्यक्तिचित्र याच उताराच्या दिवसांतील आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या लेसच्या बाह्या थोड्या वेगळ्या दिसू लागतात.

मग क्रांती आली. १७८९ च्या नोव्हेंबरात ख्रिस्तसभेची मालमत्ता राष्ट्राची झाली. १७९१ साली कारागिरांचे संघ मोडले गेले आणि नावाच्या शिक्क्याचा नियमही संपला. तिएरी १७९२ च्या सप्टेंबरातील कत्तलीत मारला गेला. १७९३ च्या जानेवारीत राजाचा शिरच्छेद झाला आणि २५ ऑगस्टला व्हर्सायच्या सामानाचा लिलाव पुकारला गेला. तो पुढील वर्षाच्या ऑगस्टपर्यंत चालला. सतरा हजारांहून अधिक बोली लागल्या. पलंग, पडदे, झुंबरे, स्वयंपाकघरातील भांडी, सारे. १६ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये राणीला गिलोटिनवर नेले तेव्हा व्हर्सायला तिच्या खुर्च्यांवर बोली लागत होत्या. त्याच नोव्हेंबरात संत जेनेव्हिएव्ह या पॅरिसच्या आश्रयदात्या संतेची मौल्यवान पवित्रावशेष-मंजूषा टांकसाळीत वितळविली गेली आणि सें-दनी महामंदिराचा खजिना गाड्यांत घालून नेण्यात आला. सोन्याचांदीला हा धोका असतोच. ते वितळते आणि त्याचे नाणे होते. लाकडाचे नाणे होत नाही. शेकडो वर्षांच्या वेदीवरील ठाणवया गेल्या आणि राणीची मेजे वाचली, याचे मुख्य कारण एवढेच.

या लिलावात बोली लावणाऱ्यांत एक वयस्क सुतार होता. साठीला आलेला रीझनेर स्वतःच्या हातची मेजे व पेट्या विकत घेत होता. भाव कोसळले होते. हे दिवस जातील, पुन्हा चांगली गिऱ्हाइके येतील आणि या वस्तूंचे मोल होईल, असा त्याचा हिशेब असावा. त्यात व्यापार होता हे खरे. पण आपल्या हातचे काम गाडीवर फेकले जाताना उभ्याने पाहणे त्याला जमले नसेल, असेही मला वाटते. हिशेब चुकला. गिऱ्हाइके परदेशी पळाली होती किंवा जमिनीखाली होती, आणि उरलेल्यांची आवड पालटली होती.

याहून कठीण प्रसंग १७९४ सालचा. नव्या सरकारने राजवाड्यांतील राखून ठेवलेल्या सामानावरची राजचिन्हे काढून टाकण्याचे ठरविले. मुकुट, लिलीची फुले, राजाच्या नावाची परस्परांत गुंफलेली आद्याक्षरे. या कामावर त्यांनी नेमले ते रीझनेरला. ते उघडच होते. कोठला स्क्रू कोठे आहे, कोणते ब्राँझ कसे बसविले आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? राजाच्या मेजावरील चिन्हेही उतरली आणि त्यांच्या जागी चिनी मातीच्या चकत्या आल्या. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या हातांनी ती चिन्हे बसविली, त्याच हातांनी ती काढली, मजुरी घेऊन. त्याने नकार द्यावयास हवा होता, असे आज घरात बसून म्हणणे सोपे आहे. त्या वर्षी पॅरिसमध्ये नकाराचा अर्थ काय होता, हे त्याला माहीत होते. शिवाय दुसऱ्या कोणी छिन्नी चालविली असती तर जडावकामाच्या ठिकऱ्या उडाल्या असत्या.

१८०१ च्या सुमारास त्याने काम थांबविले. १८०६ च्या ६ जानेवारीला तो पॅरिसमध्ये वारला. तो तीन राजांचा सण. दोन राजांची चाकरी केलेला हा माणूस त्या दिवशी गेला तेव्हा फ्रान्समध्ये एक सम्राट होता आणि त्याला जुने सामान नको होते. व्हर्सायसाठी रीझनेरने केलेली एक भव्य दागिन्यांची पेटी १८११ साली नेपोलियनला देऊ केली असता, आपल्याला नवे घडवावयाचे आहे, जुने विकत घ्यावयाचे नाही, असे उत्तर मिळाले. तीच पेटी १८२५ साली इंग्लंडच्या चौथ्या जॉर्जने घेतली. त्यानंतर पारडे फिरले. राणीसाठी १७८३ साली जपानी लाखकामाच्या फळ्या बसवून केलेली खणांची पेटी व लेखनकपाट १८८२ साली हॅमिल्टन राजवाड्याच्या लिलावात प्रत्येकी ९,४५० पौंडांना गेले. आज ती जोडी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि तिच्यावर मारी आंत्वानेतची आद्याक्षरे अजून जागच्या जागी आहेत. तेथवर कोणाची छिन्नी पोहोचली नाही. लंडनच्या वॉलेस संग्रहाने व त्याच्या सहयोगी संस्थांनी २०२० साली रीझनेरवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज आपल्याला मधाळ तपकिरी दिसणारी जडावाची फुले एके काळी हिरव्या पानांची व भडक पाकळ्यांची होती. उजेडाने ते रंग विटले. खणांच्या आतल्या बाजूस, जेथे उजेड गेला नाही, तेथे ते थोडेफार शिल्लक आहेत.

आणि राजाचे ते मेज? क्रांतीनंतर ते या राजवाड्यातून त्या राजवाड्यात हिंडले, १८७० पासून लूव्हर संग्रहालयात राहिले आणि १९५७ साली व्हर्सायच्या त्याच दालनात परत आले, जेथे ते १७६९ साली प्रथम ठेवले होते. अपोलो आणि कॅलिओपी मेणबत्त्यांच्या शाखा पेलून उभे आहेत. काढलेली चिन्हे परत बसविलेली नाहीत. चिनी मातीच्या चकत्या अजून तेथेच आहेत. सुताराची सही मात्र मूळचीच आहे. ते राजचिन्ह नव्हते, म्हणून १७९४ साली तिला हात लावण्याचे कोणाला कारण पडले नाही.